बोजा असलेली प्रत

"सर, कालपासून डिलीट मारतोय, जाईचना."

फोन लासूर स्टेशनहून होता. तिथल्या बाजारपेठेत माझ्या ओळखीच्या एका तरुणाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत दोन कॅमेरे आणि एक ड्रोन घेऊन तो गंगापूर आणि वैजापूर तालुक्यांत फिरतो, आणि लासूरगावच्या दाक्षायणी देवीची यात्रा तर दरवर्षी त्याच्याकडेच असते. एका लग्नाचं कच्चं चित्रीकरण सहज चारशे जीबी भरतं. ते ठेवायला त्याने एका जुन्या डेस्कटॉपमध्ये चार डिस्का बसवून घेतल्या होत्या आणि त्यावर झेडएफएस ही फाइल सिस्टिम चालवणारी, मोफत मिळणारी प्रणाली टाकली होती. मी आठवड्याच्या सुटीला गेलो तेव्हा डिस्क ९६ टक्के भरलेली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या हळदीचं चित्रीकरण उतरवायला जागा नव्हती. त्याने मागच्या हंगामातली अकरा लग्नं पुसली होती. जागा तसूभरही सुटली नव्हती. मग कुणीतरी सांगितलं की जागा स्नॅपशॉटनी धरली आहे, म्हणून तो स्नॅपशॉट पुसायला गेला, आणि त्यातले चार काही केल्या जाईनात. पडद्यावर बहुतेक वेळा एकच वाक्य येत होतं: डेटासेट इज बिझी.

स्नॅपशॉट म्हणजे काय हे सांगायला मला त्या दिवशी स्टुडिओच्या भिंतीवरचा एक कागद कामी आला. त्याच्या वडिलांच्या शेताचा सातबारा तिथे चिकटवलेला होता, पीककर्जाच्या कामासाठी काढलेला. सातबाऱ्यावर नाव बदलतं तेव्हा तलाठी जुनं नाव खरवडून काढत नाही. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत नवी नोंद होते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग नवं नाव सातबाऱ्यावर येतं. जुनं नाव तिथेच राहतं. पूर्वी त्याला कंस करायचे, २०२० च्या नव्या नमुन्यापासून त्यावर आडवी रेघ येते. प्रत्येक ओळीशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचं बोट धरून मागे गेलं की आजोबा-पणजोबांपर्यंत पोचता येतं.

झेडएफएस तसंच वागतं. एखादी फाइल बदलली तर डिस्कवरचा जुना ठोकळा जिथल्या तिथे ठेवून नवा मजकूर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहिला जातो. मग त्या ठोकळ्याकडे बोट दाखवणारी नोंद बदलते, तिच्यावरची बदलते, आणि असं करत करत सगळ्यात वरच्या मुळापर्यंत नवी साखळी तयार होते. जुनी साखळी आता कुणालाच नको असेल तर तिची जागा मोकळी होते. स्नॅपशॉट काढणं म्हणजे फक्त एवढंच सांगणं, की हे जुनं मूळ सोडू नकोस, जपून ठेव. म्हणून स्नॅपशॉट क्षणात निघतो आणि निघताना जवळजवळ काहीच जागा घेत नाही. जागा तो नंतर घेतो. तुम्ही पुढे जे जे पुसाल ते ते त्याच्या मुळाला लटकलेलं असतं, म्हणून सुटत नाही. अकरा लग्नं पुसूनही आकडा हलला नाही याचं कारण हेच होतं.

ही कल्पना बरीच जुनी आहे. नेटॲप कंपनीच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ साली तिच्यावर एक निबंध वाचला होता. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅट अहरेन्स यांच्या चमूने बांधलेलं झेडएफएस २००५ साली खुलं झालं, लिनक्सच्या गाभ्यात बीटीआरएफएस २००९ साली आलं आणि ॲपलने २०१७ मध्ये आपल्या यंत्रांवर एपीएफएस आणलं. पुण्यातल्या अनेक मराठी मुलांनी व्हेरिटास कंपनीच्या विकासकेंद्रात नेमकं हेच काम केलं. तिथल्या फाइल सिस्टिममध्ये स्नॅपशॉटला चेकपॉइंट म्हणत. पुढे मिलिंद बोराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातच ड्रुवा ही बॅकअपची कंपनी काढली. आपल्याकडे या विद्येचे जाणकार आहेत, पण त्यांचं ज्ञान मराठीतून स्टुडिओवाल्यापर्यंत आणि आडतीवरच्या हिशेबनिसापर्यंत आलेलं नाही. हे प्रकरण लिहिण्यामागे ती एक खंत आहे.

आता त्या चार स्नॅपशॉटकडे येऊ.

सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असला की काय होतं हे गावात कुणालाही विचारा. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणावं लागतं, त्यावर फेरफार पडतो, तेव्हा ती ओळ कमी होते. तोवर जमीन आपली असली तरी मोकळी नसते. झेडएफएसमध्ये याला होल्ड म्हणतात. परवानगी असलेला कुणीही, माणूस किंवा प्रोग्रॅम, एखाद्या स्नॅपशॉटवर आपल्या नावाची चिठ्ठी लावू शकतो, आणि ती चिठ्ठी असेपर्यंत मालकालासुद्धा तो स्नॅपशॉट पुसता येत नाही. एकावर दोन-तीन चिठ्ठ्याही असू शकतात. सगळ्या निघायला हव्यात.

चिठ्ठी कुणाची हे पाहायची आज्ञा आहे, झेडएफएस होल्ड्स आणि पुढे स्नॅपशॉटचं नाव. नव्या आवृत्त्या नुसतं बिझी न म्हणता हा स्नॅपशॉट धरून ठेवलेला आहे असं सांगतात आणि तीच आज्ञा चालवायला सुचवतात. आम्ही ती चालवली. चारांपैकी दोघांवर एकाच बॅकअप प्रोग्रॅमची चिठ्ठी निघाली. रोज रात्री त्याचा हा डिस्कांचा संच आपल्यातले नवे बदल संभाजीनगरला त्याच्या मोठ्या भावाच्या घरच्या दुसऱ्या संचाकडे पाठवायचा. पाठवणं चालू असताना स्नॅपशॉट कुणी पुसू नये म्हणून असे काही प्रोग्रॅम आधी चिठ्ठी लावतात आणि काम संपलं की काढतात. चार महिन्यांपूर्वी ऐन पाठवणीत लाईट गेली. चिठ्ठी लागलेली होती, काढणारा मधेच मेला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच.

झेडएफएस रिलीज या आज्ञेने चिठ्ठी निघते. त्याचा हात लगेच की-बोर्डकडे गेला. मी त्याला थांबवलं, आणि हा थांबण्याचा क्षण मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन संचांमध्ये नुसते बदल पाठवायचे तर दोघांकडे सारखा असलेला निदान एक स्नॅपशॉट लागतो. त्याच्यापुढचं काय बदललं हे त्याच्याशी ताडूनच कळतं. तो शेवटचा सामाईक स्नॅपशॉट एका बाजूने पुसला गेला तर नातं तुटतं आणि सगळं पहिल्यापासून पाठवावं लागतं. त्याच्याकडे ६ टीबी होतं. ५० एमबीपीएसच्या लाइनवर ते जायला ११ दिवस लागतील, तेही लाइन एकदाही न तुटता आणि लाईट एकदाही न जाता. म्हणून आधी भावाला फोन केला, तिकडची यादी वाचून घेतली. मागच्याच आठवड्याचा एक स्नॅपशॉट दोन्हीकडे होता. मग चिठ्ठ्या सोडल्या आणि ते दोन पुसले.

त्याने डोळे मोठे करून आकड्याकडे पाहिलं. आकडा होता तिथेच.

इथे लोकांचा धीर सुटतो, म्हणून थोडं सावकाश सांगतो. समजा सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे तीन स्नॅपशॉट आहेत आणि चारशे जीबीचं एक लग्न तिन्हींमध्ये आहे. गुरुवारी तुम्ही ते लग्न पुसलं. आता यादीत प्रत्येक स्नॅपशॉटपुढे वापरलेली जागा जवळजवळ शून्य दिसेल, कारण तो रकाना फक्त त्या एकट्याची जागा दाखवतो, सामाईक जागा कुणाच्याच नावावर धरत नाही. सोमवार पुसा, काही सुटणार नाही. मंगळवार पुसा, तरी नाही. बुधवार पुसला की एकदम चारशे जीबी मोकळे होतील. तीन भावांची सामाईक विहीर असते तसं हे आहे. एकाने हिस्सा सोडला, दुसऱ्याने सोडला, तरी तिसऱ्याचा मोटर-पंप असेपर्यंत विहीर बुजत नाही.

यंत्राला हे कसं कळतं तेही सुंदर आहे. डिस्कवरच्या प्रत्येक ठोकळ्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीत त्याची जन्मवेळ लिहिलेली असते. एखादा स्नॅपशॉट पुसायचा झाला की प्रश्न दोनच: हा ठोकळा आधीच्या स्नॅपशॉटनंतर जन्मला का, आणि पुढच्या स्नॅपशॉटच्या आत मेला का? दोन्ही उत्तरं हो असतील तरच जागा सुटते. फक्त मागचा आणि पुढचा शेजारी विचारायचा, सगळं गाव नाही. म्हणून हजार स्नॅपशॉट असले तरी काम अडत नाही.

खरा हिशेब हवा तर एकेका स्नॅपशॉटचा रकाना पाहू नये. सगळ्या स्नॅपशॉटनी मिळून किती धरलं आहे हे सांगणारा गुणधर्म वेगळा आहे, तो पाहावा. आणि अमुक ते तमुक अशी रांग पुसली तर किती सुटेल याची रंगीत तालीम करून घ्यावी. झेडएफएस डिस्ट्रॉयच्या आज्ञेत दोन अक्षरं जास्त घातली की ती काहीही न पुसता नुसतं काय झालं असतं ते सांगते. आम्ही ती तालीम केली. उत्तर आलं की उरलेल्या दोघांपैकी एका स्नॅपशॉटसह मधली रांग गेली तर २.९ टीबी सुटतील. म्हणजे सगळं त्या तिसऱ्यावर अडलं होतं.

तिसऱ्याचा नकार वेगळा होता. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती. संदेश सांगत होता की या स्नॅपशॉटवर क्लोन अवलंबून आहेत. स्नॅपशॉट फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. पण त्याच्यापासून लिहिता येणारी एक शाखा काढता येते, तिला क्लोन म्हणतात. शाखा उघडताना काहीच नक्कल होत नाही, ती मूळ स्नॅपशॉटच्या ठोकळ्यांवरच उभी राहते. फेरफाराचंही तसंच असतं. एक वाटणीपत्र झालं, त्या आधारावर एका भावाने आपला हिस्सा विकला, घेणाऱ्याने त्यावर कर्ज काढलं. आता पहिलं वाटणीपत्रच रद्द करा म्हणून कुणी गेला तर तहसीलदार आधी त्यावर उभ्या असलेल्या पुढच्या नोंदी विचारणार.

वर्षापूर्वी त्याच्या भाच्याने अल्बमचं नवं सॉफ्टवेअर करून पाहण्यासाठी असा एक क्लोन काढला होता आणि तो विसरून गेला होता. संदेशात यंत्र स्वतःच एक उपाय सुचवतं: आज्ञेत अमुक अक्षर घाल म्हणजे अवलंबून असलेलं सगळं एकत्र पुसून टाकतो. हा सल्ला खरा आहे आणि धोक्याचाही आहे. त्याच संदेशात खाली जे जे पुसलं जाईल त्याची नावं येतात, पण घाईत ती कुणी वाचत नाही. आम्ही वाचली. क्लोनमध्ये गेलो. सॉफ्टवेअरची तालीम होतीच, पण भाच्याने त्याच जागेत तीन घरांचे अल्बम खरोखर पूर्ण करून ठेवले होते, जे दुसरीकडे कुठेच नव्हते. ते अक्षर दाबलं असतं तर तीन घरांचे अल्बम गेले असते.

अशा वेळी दोन वाटा असतात. क्लोनमधलं हवं ते बाहेर काढून घ्यायचं आणि मग क्लोन पुसायचा; किंवा क्लोन हाच आता मुख्य धरायचा. दुसऱ्या वाटेसाठी प्रोमोट ही आज्ञा आहे. ती नातं उलटं करते, म्हणजे स्नॅपशॉट क्लोनच्या नावावर जातो आणि जो मूळ होता तो त्याच्यावर अवलंबून राहतो. आम्ही पहिली वाट धरली. अल्बम एका बाहेरच्या डिस्कवर उतरवले, उघडून पाहिले, मग क्लोन पुसला, मग स्नॅपशॉट. तोही लगेच गेला असं दिसलं, पण जागा हळूहळू सुटत होती. मोठा स्नॅपशॉट पुसला की झेडएफएस आज्ञा मान्य करून मागे जागा मोकळी करत बसतं, आणि किती उरलंय हे पूलच्या, म्हणजे सगळ्या डिस्का मिळून झालेल्या साठ्याच्या, फ्रीइंग या आकड्यात दिसतं. बीटीआरएफएसमध्येही साफसफाई मागेच चालते. ती संपेपर्यंत थांबायला सांगणारी वेगळी आज्ञा तिथे आहे. आकडा हलत नाही म्हणून संच बंद-चालू करणं हा नेहमीचा चुकीचा उपाय आहे. त्याने काही बिघडत नाही, पण काम पुन्हा जिथल्या तिथून सुरू होतं आणि माणूस घाबरतो.

चहा आला तेवढ्यात बाकीच्या घरांबद्दल सांगतो, कारण प्रत्येकाकडे झेडएफएस नसतं.

लिनक्सवर बीटीआरएफएस असेल आणि स्नॅपशॉट पुसताना फोल्डर रिकामा नाही असा संदेश आला, तर बहुतेक वेळा त्या स्नॅपशॉटच्या पोटात दुसरा उपविभाग असतो. टाइमशिफ्ट वापरून यंत्र मागच्या अवस्थेत नेलेल्या लोकांना हे हमखास भेटतं. सिस्टिम स्वतःच एका खोलच्या फोल्डरात असा उपविभाग तयार करून ठेवते, आणि जुनं मूळ स्नॅपशॉटच्या यादीत गेलं की तो त्याच्यासोबत जातो. उपविभागांची यादी काढून आतला आधी पुसायचा, मग बाहेरचा. ज्यावरून यंत्र सध्या चालू आहे तो उपविभाग पुसू नये, आणि ज्याची पाठवणी चालू आहे तो पुसता येत नाही.

विंडोजमध्ये याला शॅडो कॉपी म्हणतात. तिथला नकार मला फार प्रामाणिक वाटतो. स्नॅपशॉट सापडले, पण ते तुमच्या अखत्यारीबाहेरचे आहेत, ज्या बॅकअप प्रोग्रॅमने काढले त्याच्याकडूनच काढून घ्या, अशा अर्थाचं वाक्य येतं. बँकेचं पत्र आणा, असंच ते सांगत असतं. तो प्रोग्रॅमच यंत्रावर उरला नसेल तर लोक शॅडो कॉपीसाठी राखलेली जागा अगदी लहान करतात, म्हणजे जुन्या प्रती आपोआप गळतात. पण त्याने सगळ्याच जातात, हे आधी समजून घ्यावं.

मॅकवर टाइम मशीन दर तासाला एक स्थानिक स्नॅपशॉट काढतं आणि साधारण चोवीस तास ठेवतं. फाइल पुसूनही जागा दिसत नसेल तर बऱ्याचदा एक दिवस धीर धरणं पुरतं. आणि २०२० च्या बिग सरपासून मॅक ज्या स्नॅपशॉटवरून सुरू होतो तो मोहोरबंद असतो. यादीत दिसला तरी त्याच्या नादी लागू नये.

डिस्क पूर्ण भरल्यावर पुसताही येत नाही, हा अनुभव अनेकांना चक्रावून टाकतो. वर सांगितल्याप्रमाणे या फाइल सिस्टिममध्ये पुसणं हेसुद्धा नवं लिहिणंच असतं. जुनं नाव रद्द झालं ही नोंद करायला वहीत एक कोरी ओळ लागते. झेडएफएस यासाठी पूलचा बत्तिसाव्या हिश्श्यापर्यंत भाग बाजूला राखून ठेवतं, म्हणून सहसा निभावतं. बीटीआरएफएसमध्ये कधीकधी तीही ओळ उरत नाही. तेव्हा एक पेन ड्राइव्ह तात्पुरता त्याच फाइल सिस्टिममध्ये जोडायचा, स्नॅपशॉट पुसायचे आणि मग तो रीतसर आज्ञेने बाहेर काढायचा. रीतसर हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मधेच ओढून काढला तर फाइल सिस्टिमचाच एक अवयव ओढून काढल्यासारखं होतं.

आणि काही नकार मुद्दाम ठेवलेले असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर यंत्रं बंद पाडली, तेव्हा फाइली कुलूपबंद करण्याबरोबर त्याने विंडोजच्या शॅडो कॉपीही पुसायची आज्ञा दिली होती, म्हणजे माणसाला मागे फिरायची वाट राहू नये. म्हणून आता ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच, मुख्य व्यवस्थापकालासुद्धा, पुसता येणार नाहीत असे स्नॅपशॉट मिळतात. सिनॉलॉजीच्या संचांत ही सोय २०२३ च्या ७.२ आवृत्तीत आली. तिथे ७ ते ३० दिवसांची मुदत घालता येते. असा स्नॅपशॉट अडला असेल तर मुदत संपायची वाट पाहणं हाच उपाय, आणि पुढच्या वेळी जागेचा हिशेब करून मुदत घालणं. स्टुडिओवाल्यांनी आणि दवाखान्यांनी ही सोय वापरावी असं मला मनापासून वाटतं.

चहा संपेपर्यंत २.१ टीबी सुटले होते. उरला चौथा स्नॅपशॉट. दोन वर्षांपूर्वीचा, लहानसा, जेमतेम ९० जीबी धरून बसलेला. त्यावर चिठ्ठी होती आणि ती कुठल्या प्रोग्रॅमची नव्हती. चिठ्ठीवर एकच शब्द होता: थांब.

"ही कुणी लावली?"

"भाच्यानेच असंल. मला तर येतच नाही हे."

भाचा आता पुण्यात शिकतो. फोन स्पीकरवर लावला.

"मामा, तो नका काढू," तो म्हणाला. "ते स्टेशनमागच्या आजीचं आहे. त्यांच्या नातवाच्या लग्नाची कच्ची फुटेज. फायनल कॉपी एडिट करताना खराब झाली होती, म्हणून यातून परत काढायची होती. मग आजी गेल्या आणि ते लोक आलेच नाहीत घ्यायला. त्यात आजी बोललेल्यात, दोन-तीन मिनिटं."

मामाने फोन ठेवला आणि थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग मी न सांगताच एक रिकामा पेन ड्राइव्ह काढला, त्या स्नॅपशॉटच्या फोल्डरात जाऊन ती फाइल शोधली आणि कॉपी लावली. २.९ टीबी पूर्ण मोकळे व्हायला संध्याकाळ झाली. चिठ्ठी तशीच ठेवून त्याने दुकानाच्या वहीत त्या घराचं नाव लिहिलं आणि शटर अर्धं ओढून पेन ड्राइव्ह घेऊन स्टेशनच्या मागच्या बाजूला निघाला.